पालवा बंदराची वाट

विश्राम : आणि बोरीबंदरला उतरलं की बाहेरच ट्राम. घोडे जुंपलेली, लोखंडी रुळांवरून जाणारी. कुलाब्याकडची धरायची, वाटेत पालवा बंदर विचारून उतरायचं. आगबोटीवर नेणाऱ्या होड्या तिथूनच सुटतात. आई, इतकं सरळ आहे, आणि तू अजून मान हलवतेस.

हौसाबाई : हलवणारच. आधी आगगाडीत चढा, मग उतरा. मग त्या ट्राममध्ये चढा, उतरा. मग होडीत चढा. म्हणजे शेवटी पाण्यावरच यायचं ना? मग कल्याणच्या धक्क्यावरच का नाही बसायचं? धाकूची नाव उद्या गवत घेऊन मुंबईला चाललीय. बसलं की थेट बंदर.

विश्राम : वहिनी एडनला चालल्यात, आणि तू त्यांना गवताच्या पेंढ्यांवर बसवून नेणार?

हौसाबाई : गवत मऊ असतं. तुझ्या गाडीतल्या फळ्यांपेक्षा बरं.

विश्राम : फळ्या कशा असतात ते तुला काय माहीत? इतकी वर्षं मी स्टेशनात तिकिटं देतोय, एकदा तरी बसलीस गाडीत?

हौसाबाई : नाही बसले, पण उतरणारी माणसं बघितलीत. तोंडं कोळशानं काळी, डोळे लाल. आपली सून नवऱ्याकडं पहिल्यानं चाललीय, ती अशी जाईल?

विश्राम : दादा तिथं कोळशाच्या वखारीवरच कारकून आहे. त्याला काळ्या तोंडांची सवय असेल.

लक्ष्मी : भावोजी, चहा घ्या. निवतोय.

विश्राम : वहिनी, तुम्हीच सांगा. जायचंय तुम्हाला.

लक्ष्मी : मी काय सांगू? सासूबाई म्हणतील तसं.

विश्राम : हे बघा, आगबोट उद्या दिवस मावळायच्या आत निघणार. ती कुणासाठी थांबत नाही. काळुराम हवालदाराची पलटण एडनला आहे, त्याची बायको रतन पोरांना घेऊन याच बोटीनं चाललीय. तिची सोबत मिळतेय म्हणून तर दादानं तुम्हाला बोलावलं. ही बोट चुकली तर दुसरी सोबत आणायची कुठून? आपल्याकडच्या बायका काय रोज एडनला जातात?

हौसाबाई : बोट चुकेल कशाला? तुझे वडील भाताच्या गोण्या घेऊन याच खाडीनं मुंबईला जायचे. तेव्हा तुझी आगगाडी कुठं होती?

विश्राम : नव्हती म्हणूनच जायचे. रूळ पडल्यावर त्यांनीच नाव विकली आणि पुढं मला स्टेशनात चिकटवलं.

हौसाबाई : नाव विकली त्या दिवशी जेवले नव्हते ते. तू लहान होतास, तुला काय आठवणार.

लक्ष्मी : भावोजी, गाडीत आपण सगळी एकत्र बसू ना?

विश्राम : तुम्ही आणि आई बायकांच्या डब्यात, मी पुढं पुरुषांच्या. पण ठाण्याला गाडी थांबली की मी खिडकीशी येऊन बघून जाईन. घाबरायचं कारण नाही.

हौसाबाई : म्हणजे डबाभर परक्या बायका, त्यांची रडणारी पोरं आणि वरून त्या इंजिनाची बोंब. तिथं बोलायचं कसं?

विश्राम : बोलायचं काय राहिलंय? वहिनी एवढ्याशा होत्या तेव्हापासून तुम्ही दोघी एका चुलीशी आहात.

हौसाबाई : ते तुला नाही कळायचं. असं कर, तू ट्रंक घेऊन तुझ्या गाडीनं जा. आम्ही दोघी नावेनं येतो. बंदरावर भेटू.

विश्राम : आणि उशीर झाला तर?

हौसाबाई : उजाडता पाणी भरलं की धाकू नाव सोडणार. ओहोटीबरोबर नाव आपली आपण खाली जाते, वल्हं मारायला लागत नाही.

विश्राम : तेच सांगतोय. भरलं पाणी असतानाच निघ. मागं राहिलात तर ठाण्याजवळ खाडीत नुसता चिखल उरतो. मोठमोठे मचवे अडकतात तिथं.

हौसाबाई : मला खाडी शिकवतोस?

विश्राम : नाही शिकवत. ट्रंक बांधून ठेव म्हणजे झालं. आणि वहिनी, ट्राम कुलाब्याची, लक्षात ठेवा. आईनं ऐकलेलं नाही, निदान तुम्ही तरी ऐकून ठेवा.

* * *

धाकू : बाय, आता तरी खाली बसा. नाव सुटली. तुमची शेजारची मान्सं काय पान्यात उतरून येनार नायत.

हौसाबाई : येतील असंच वाटत होतं मला. त्या कलावतीनं ओटी किती वेळा भरावी? घरी भरली, नाक्यावर भरली, धक्क्याच्या पायरीवर पुन्हा हात धरला.

लक्ष्मी : इतके नारळ घेऊन मी कुठं जाऊ सासूबाई?

हौसाबाई : असू दे. एडनला म्हणे झाड नाही की झुडूप नाही. नुसता खडक आणि कोळसा.

धाकू : मी तुमाला कवापासून हाका मारत होतो. उजाडताना सांगितलेलं, उन्हं आली तवा आलात. पानी मोप उतारलंय.

हौसाबाई : अरे, पोर सातासमुद्रापार चाललीय. चार माणसं भेटायला येणारच. तू नाव हाक.

धाकू : हाकतो की. ओहोटी घेऊन जातेय तवर जातेय.

लक्ष्मी : सासूबाई, एक विचारू? तुम्हाला आगगाडीची खरंच भीती वाटते?

हौसाबाई : मला? विश्राम जन्मला त्या रात्री घरात एकटी होते मी, आणि सापही निघाला होता. दोघांचं मीच बघितलं. मला कसली भीती.

लक्ष्मी : मग भावोजींचं का नाही ऐकलंत? ते बिचारे खिडकीशी येऊन बघणारही होते.

हौसाबाई : अगं, त्याच्या गाडीनं गेलो असतो तर डब्यातली भाकरी सोडेपर्यंत मुंबई आली असती. मला तेवढा वेळ पुरण्यासारखा नव्हता.

लक्ष्मी : कशाला?

हौसाबाई : तुला माझा दौलत सांगायला.

लक्ष्मी : इश्श.

हौसाबाई : इश्श काय? घरात सांगायची सोय होती का? तू भांडी घासतेस, मी दळतेय, मधे कुणी ना कुणी. म्हणून म्हटलं, अख्खा दिवस काढू. धाकू तिकडं तोंड करून बसलाय.

धाकू : माझे कान बी तिकडंच हायेत.

हौसाबाई : तर ऐक. दौलतला राग आला की तो बोलत नाही. पागोटं सोडतो आणि पुन्हा बांधायला घेतो. नीट बसलं नाही म्हणतो, पुन्हा सोडतो. तोवर तू आपली बाजूला राहा. पागोटं मनासारखं बसलं की राग गेलेला असतो.

लक्ष्मी : आणि नाही बसलं तर?

हौसाबाई : तर विचार, आमटी वाढू का. आमटीला तो कधी नाही म्हणत नाही. दुसरं म्हणजे, जेवलास का विचारलं की जेवलो म्हणतो. खरं नसतं. कामात असला की विसरतो आणि मग लाजतो. सरळ ताट मांडायचं.

लक्ष्मी : बरं.

हौसाबाई : आणि पालीला घाबरतो. बाहेर कुणाला सांगू नकोस. इतका मोठा बाप्या, पाल दिसली की घरातून अंगणात.

लक्ष्मी : तिथं पाली असतील?

हौसाबाई : पाली कुठं नसतात? तू मारू नको, फक्त हाकल. तू का हसतेस?

लक्ष्मी : काही नाही. मला वाटायचं ते फार कडक असतील.

हौसाबाई : कडक? कुणी सांगितलं?

लक्ष्मी : कुणी नाही. मला त्यांचं काही माहीतच नाही ना. एक पावसाळा तेवढे घरी होते. तेही ओसरीवर, मी आत. मला त्यांचा आवाज आठवतो, तोंड नीट डोळ्यांपुढं येत नाही. बोटीतून उतरले आणि भलत्याच माणसापुढं जाऊन उभी राहिले तर?

हौसाबाई : डाव्या भुवईत खोक आहे त्याच्या. पेरूच्या झाडावरून पडला होता. आधी भुवई बघ, मग पाया पड.

लक्ष्मी : तुम्ही थट्टा करताय.

हौसाबाई : मग काय करू? तू मघापासून पदराचं टोक पिळतेयस. धुणं नाही ते.

लक्ष्मी : सासूबाई, मला तुमची सवय आहे. त्यांची नाही. तुम्ही खोकलात तरी मला कळतं पाणी हवंय की नुसताच खोकला आहे. तिथं मला काय कळणार? मी नाही गेले तर?

हौसाबाई : नाही म्हणजे?

लक्ष्मी : म्हणजे राहिलेच घरी तर? तुम्हालाही सोबत होईल. भावोजी दिवसभर स्टेशनात.

हौसाबाई : हे तू आत्ता सांगतेस?

लक्ष्मी : आधी कुणी विचारलंच नाही. आणि मला तरी कुठं ठाऊक होतं. आत्ता तुम्ही सांगायला लागलात तसं जाणं खरं वाटायला लागलं.

हौसाबाई : बघ लक्ष्मी. मी तुला ढकलून देणार नाही. दौलत माझा मुलगा आहे, पण तूही काही कमी नाहीस. मनातून म्हणत असशील तर म्हण. आत्ताच्या आत्ता धाकू नाव वळवील. धाकू, ऐकतोयस ना?

धाकू : ऐकत नवतो, पन आता ऐकलं. नाव वलवाला पानी पायजे, बाय.

हौसाबाई : म्हणजे?

धाकू : म्हंजे बसली नाव. कवाची बसलीय. तुमी बोलत होतात म्हून म्या गप होतो.

हौसाबाई : बसली कशी?

धाकू : बसली म्हंजे चिखलात बसली. काठी टाकून बघा, अर्धी आत जाते. आता भरती येल तवा हलेल. सांज होनार.

हौसाबाई : सांजेला आगबोट निघून जाईल.

धाकू : मंग ती जाईल आनि तुमी ऱ्हाल. मी सांगितलेलं, उजाडताना.

हौसाबाई : सांगितलेलंस, सांगितलेलंस. आता तेवढंच म्हणत बस.

लक्ष्मी : विश्रामभावोजी बंदरावर वाट बघत असतील.

हौसाबाई : बघू दे. कधी ना कधी कळेल त्याला. बस गं निवांत. भाकरी सोड. तुझ्या मनात नव्हतं, आणि नावही हलत नाही. देवानंच ठरवलं असं समजू. नारळही घरी जातील.

लक्ष्मी : धाकूमामा, तो पूल कसला?

धाकू : ठान्याचा. आगीनगाडीचा.

लक्ष्मी : आणि या बाजूला ते पांढरं पांढरं?

धाकू : मिठागरं. त्यांच्या बांधावरून गेलात त सरल ठान्याचं ठेसन. पन बांधापत्तुर चिखल हाय ना. मानूस गुडघ्याएवढा जातो.

लक्ष्मी : गुडघ्याच्या वर नाही ना जात?

धाकू : माझ्या गुडघ्याएवढा. तुमच्या जरा वर.

लक्ष्मी : सासूबाई, लुगडं वर खोचा.

हौसाबाई : कशाला?

लक्ष्मी : ठाण्याहून गाडी धरू. सूर्य अजून डोक्यावर आला नाही. मिळाली तर पोचू.

हौसाबाई : तू तर आत्ता म्हणालीस, जायचं नाही.

लक्ष्मी : म्हणाले. पण नाव चिखलात बसली म्हणून राहिले, असं नको मला. उद्या चुलीशी बसले की रोज मनात येईल, पाणी असतं तर गेले असते. राहायचं असलं तर बंदरावर जाऊन, बोट डोळ्यांनी बघून, मग राहीन.

हौसाबाई : आणि रतनबाई?

लक्ष्मी : तिला तोंडावर सांगेन. तीही पोरांना घेऊन माझ्या भरवशावर निघालीय. उठा.

हौसाबाई : अगं, माझं वय काय, हा चिखल काय. विश्राम ऐकेल तर वर्षभर बोलून दाखवील.

लक्ष्मी : मी खडवलीची आहे. लग्नाआधी नदीच्या गाळात खेकडेच धरायचे. पाय सरळ वर ओढायचा नाही, आधी टाच हलवायची. माझा हात धरा. धाकूमामा, नारळ तुम्हाला.

धाकू : एक तरी घेवा. वाटंत पायजेल.

लक्ष्मी : एक घेते. सासूबाई, टाच हलवा आधी. असं. आता दुसरा पाय.

हौसाबाई : माझी वहाण गेली आत.

लक्ष्मी : जाऊ दे तिला. तुम्ही या.

* * *

हौसाबाई : लक्ष्मी, हे असंच हलत राहणार का?

लक्ष्मी : गाडी आहे, हलणारच. खिडकीची दांडी सोडा जरा, बोटं पांढरी पडलीत.

हौसाबाई : सोडली आणि पडले तर?

लक्ष्मी : बसलेलं माणूस कुठं पडतं? माझ्या खांद्यावर हात ठेवा.

हौसाबाई : त्या समोरच्या बाईनं पाय वर घेतले बघ. आपल्या चिखलाला भ्यायली.

लक्ष्मी : वाळला की झडेल. तिकिटाच्या खिडकीतला बाबूसुद्धा आधी पायांकडं बघत होता. मग विचारतो, सोबत पुरुष कोण?

हौसाबाई : तू काय म्हणालीस?

लक्ष्मी : म्हटलं, ट्रंक घेऊन पुढं गेलेत.

हौसाबाई : खरंच की. मला सुचलं नसतं. मी त्याला खाडीपासून सगळं सांगत बसले असते.

लक्ष्मी : म्हणून तर तुम्हाला बाकावर बसवून गेले.

हौसाबाई : अगं, हे खांब बघ कसे जातायत. एक जात नाही तोवर दुसरा. धाकूला इथवर यायला अर्धा दिवस लागला असता. आणि वारा किती. हे विश्रामनं कधी सांगितलं नाही मला.

लक्ष्मी : रोज सांगायचे.

हौसाबाई : सांगायचा, पण तिकिटांचं सांगायचा. वाऱ्याचं नाही. अहो बाई, पाय खाली ठेवा, चिखल वाळलाय आता. ही माझी सून. एडनला चाललीय. हो, एकटीच. माझा मोठा मुलगा आहे तिथं.

लक्ष्मी : सासूबाई, हळू.

हौसाबाई : हळू कशाला, चोरी आहे का? काय म्हणता? नाही हो, मूल नाही अजून. जाईल तेव्हा होईल. आमची नाव बसली ना चिखलात, नाहीतर आम्ही पाण्यानंच चाललो होतो. हिनं मला ओढून काढलं. हिनंच.

लक्ष्मी : सगळा डबा बघतोय आपल्याकडं.

हौसाबाई : बघू दे. ती कोपऱ्यातली बाई पाणी देतेय बघ, घे. आणि ऐक, ती काय म्हणते. भायखळ्यालाच उतरा म्हणते, ट्राम तिथंच पकडायची, पुढं जागा मिळत नाही.

लक्ष्मी : हं.

हौसाबाई : आणि ही, पाय वर घेतलेली, ही म्हणते मशीदला उतरा, तिथून धक्का जवळ, होडी करून जा. आणि ती लुगड्याला ठिगळ असलेली म्हणते, बोरीबंदरला उतरून चालतच जा, ट्रामचे घोडे अडले की अडतात. मला तर सगळ्याच खऱ्या वाटतात. कसं जायचं गं?

लक्ष्मी : आता होडी नको. चालायचं तर तुमच्या एका पायात वहाण नाही. बोरीबंदरला उतरायचं आणि कुलाब्याची ट्राम धरायची. भावोजी काल सांगत होते ना.

हौसाबाई : तुला सगळं लक्षात आहे?

लक्ष्मी : तुम्ही मान हलवत होता, मी ऐकत होते.

हौसाबाई : आणि मला वाटलं तू चहा गाळतेयस.

लक्ष्मी : दोन्ही करत होते.

हौसाबाई : लक्ष्मी.

लक्ष्मी : काय?

हौसाबाई : नावेत तू म्हणालीस, तिथं मला काय कळणार. आठवतं? मी तेव्हापासून विचार करतेय. ठाणं तरी तुला कुठं ठाऊक होतं?

लक्ष्मी : ठाण्याला विचारलं की सांगणारं कुणी होतं.

हौसाबाई : एडनला नसेल?

लक्ष्मी : असेल. पण तुम्ही नसाल.

हौसाबाई : मी ठाण्याला होते, पण काय उपयोगाची होते? बाकावर बसले होते. वहाण हरवून.

लक्ष्मी : बसला होतात, तेवढंच पुरलं मला.

हौसाबाई : बरं, आता गप. त्या बाया ऐकतायत, आणि त्यातली एक डोळे पुसतेय. तिला काय झालं विचारते थांब.

* * *

(पालवा बंदर. विश्राम ट्रंकेवर बसून समुद्राकडं डोळे लावून आहे. हौसाबाई आणि लक्ष्मी त्याच्या पाठीमागून येतात.)

हौसाबाई : काय दिसतंय रे?

विश्राम : काही नाही. धाकूचं शीड दिसायला हवं होतं एव्हाना, मघापासून बघतोय. कुठं बुडाली की काय... आई? तू इकडून कशी आलीस?

हौसाबाई : ट्रामनं.

विश्राम : ट्रामनं? आणि पाय असे का झालेत तुमचे? वहिनी, काय झालं? धाकू कुठाय?

लक्ष्मी : ठाण्याजवळ. नाव चिखलात बसली. आम्ही मिठागरावरून स्टेशनात आलो, मग गाडीनं.

विश्राम : गाडीनं. आई गाडीनं आली?

हौसाबाई : आले. वारा छान लागतो. तू कधी सांगितलं नाहीस.

विश्राम : मी इथं दुपारपासून माझ्या जिवाला घोर लावून बसलोय. तीन होड्यावाल्यांना विचारलं, बंदरातल्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, बुडालेलं काही आलं की सांगतो.

हौसाबाई : चांगला आहे शिपाई.

विश्राम : आता हसू नको. रतनबाई पोरांना घेऊन त्या होडीत बसलीय, ती बघा. शेवटची होडी आहे. मी होडीवाल्याशी गोड बोलून, भांडून, पुन्हा गोड बोलून थांबवून ठेवलंय. तो आता माझं तोंड बघायला तयार नाही. वहिनी, चला.

हौसाबाई : थांब. लक्ष्मी, ती बघ आगबोट. ती काळी, मोठी, धूर सोडणारी. बघायची होती ना तुला डोळ्यांनी? बघितलीस. आता सांग.

विश्राम : काय सांगायचंय? आई, होडी निघाली.

हौसाबाई : तू मधे बोलू नको. तिला ठरवू दे.

विश्राम : ठरवायचं काय राहिलंय?

लक्ष्मी : जाते मी, सासूबाई.

हौसाबाई : मनापासून?

लक्ष्मी : भीती गेली नाही. पण मघा ट्राममधून उतरताना मला वाटलं, आता पुढची होडी कुठं मिळेल. परत कसं जायचं, हे मनात आलंच नाही. तेव्हाच कळलं मला.

हौसाबाई : असं.

लक्ष्मी : आणि नाही करमलं तर येईन. वाट कळलीय आता. बोरीबंदर, ठाणं, कल्याण. कुणाला विचारायला नको.

हौसाबाई : ये. केव्हाही ये. पण त्याला घेऊन ये, त्याला बघूनही फार दिवस झाले. अगं, पण माझं सगळं सांगून झालंच नाही. नाव बसली तिथंच राहिलं. दौलत अजून अर्धासुद्धा सांगितला नाही तुला.

लक्ष्मी : राहू दे. उरलेला मी बघते.

विश्राम : वहिनी, खरंच निघायला हवं. ट्रंक मी चढवतो. पायरी शेवाळलीय, जपून.

लक्ष्मी : भावोजी, तुम्ही आईंना जपा. त्या ताप आला तरी सांगत नाहीत. तोंडाला चव नाही म्हणाल्या की समजायचं.

विश्राम : मला माहीत नव्हतं हे.

लक्ष्मी : म्हणूनच सांगितलं. आणि परत जाताना त्यांना खिडकीशी जागा द्या. सासूबाई, जरा पुढं या. पाया पडायला जागा नाही इथं, पाय धरते तेवढे.

हौसाबाई : चिखल लागेल हाताला.

लक्ष्मी : लागू दे.

विश्राम : चला, हळू. हा हात धरा. बसा मधे. झालं. ए बाबा, सोड आता, सोड. रागावू नको, पुढच्या खेपेला लवकर येऊ.

हौसाबाई : गेली.

विश्राम : गेली. आई, तू इथं सावलीत बस. त्या दगडावर.

हौसाबाई : नको. इथूनच दिसतंय. त्या जिन्यानं चढतात का वर?

विश्राम : हो. बोटीच्या बाजूला सोडलाय ना, तोच. पण इतक्या लांबून कोण कोण ते कळायचं नाही.

हौसाबाई : मला कळतं. ती रतन, ती जाडी. तिचा हात धरलेलं पोर मोठं. मागं आपली.

विश्राम : मला तर सगळी सारखीच दिसतात. काय करतेय?

हौसाबाई : चढतेय. रतनचं धाकटं पोर घेतलंय कडेवर. दुसऱ्या हातानं दोर धरलाय.

विश्राम : वळून बघितलं का?

हौसाबाई : कशी बघेल? दोन्ही हात गुंतलेत. पाय बघून टाकतेय.

विश्राम : वर पोचली की बघेल. तू हात हलव तोवर, म्हणजे दिसशील.

हौसाबाई : हलवतेच आहे रे मघापासून.